जीएसटी घटला, तरी २७ इंची मॉनिटर स्वस्त का झाला नाही? पीसी आणि पीएस ५ साठी एकच स्क्रीन घेताना काय पाहायचं?

"जीएसटी घटला, आता गेमिंग मॉनिटर स्वस्त!" अशा धाटणीच्या पोस्ट आणि रील सप्टेंबर २०२५ नंतर तुमच्याही फीडमध्ये येऊन गेल्या असतील. त्या पाहून रत्नागिरीत कुणी वाढदिवसाचं, कुणी पहिल्या पगाराचं निमित्त धरून स्क्रीन घ्यायला निघालं असेल, तर आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तुम्ही जो २४ किंवा २७ इंची मॉनिटर पाहताय, त्यावरचा जीएसटी कमी झालेलाच नाही.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. त्यात टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले हे खरं आहे. पण २८ टक्के कर लागत होता तो ३२ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनला. ३२ इंचांपर्यंतचे टीव्ही आणि मॉनिटर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांत आहेत. म्हणजे टेबलावर ठेवायच्या मॉनिटरसाठी २१ सप्टेंबरचा कर आणि २२ सप्टेंबरचा कर एकच. दुकानदार सूट देत असेल तर ती त्याची किंवा कंपनीची सूट आहे. ती जरूर घ्या, पण 'सरकारनं कमी केलं, नंतर पुन्हा वाढेल' या घाईत पडू नका.

मग मॉनिटरमध्ये स्वस्त झालं काय? ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे ते लांबलचक, वाकलेले मॉनिटर. गंमत अशी, की पीएस ५ आणि एक्सबॉक्स ही दोन्ही यंत्रं त्या लांबट आकारात चित्र देतच नाहीत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून मधल्या भागात खेळावं लागतं. ज्याला कपात मिळाली तो मॉनिटर कन्सोलवाल्याच्या उपयोगाचा नाही, आणि जो उपयोगाचा आहे त्याला कपात मिळाली नाही.

करात वाचत नसेल, तर पैसे वाचवायची जागा एकच उरते. चुकीचा मॉनिटर न घेणं. आणि इथं चूक होण्याची शक्यता बरीच आहे, कारण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा कॉम्प्युटरसाठी खरा असतो. कन्सोलला तो मिळेलच असं नाही.

एकाच टेबलावर दोन यंत्रं

समजा, साळवी स्टॉपच्या बाजूला राहणारं एक घर आहे. थोरला मुलगा मिरजोळे एमआयडीसीतल्या फिनोलेक्स अकॅडमीत किंवा शासकीय तंत्रनिकेतनात शिकतो. त्याला कोडिंग, प्रोजेक्टचे अहवाल आणि रात्री व्हॅलोरंट यासाठी स्क्रीन हवी. धाकटीला मुंबईच्या मामानं जुना पीएस ४ दिलाय आणि पुढच्या वर्षी पीएस ५ घ्यायचं घाटतंय. हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी सातनंतर आजी-आजोबांचा हक्क. बजेट पंधरा हजार, फार ताणलं तर वीस.

अशा घरानं दोन यंत्रांसाठी एकच स्क्रीन घेणं शहाणपणाचं आहे. फक्त ही दोन यंत्रं स्क्रीनशी वेगवेगळ्या भाषेत बोलतात, हे आधी समजून घ्यायला हवं.

जाता जाता एक शंका दूर करू, कारण ती पालकांकडून येतेच. 'गेमिंगवर तर बंदी आली ना?' ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. पीएस ५ वर फुटबॉल खेळणं किंवा कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट खेळणं त्यात येत नाही. ई-स्पोर्ट्सला तर त्याच कायद्यानं मान्यता दिली आहे.

१०० हर्ट्झचा मॉनिटर कन्सोलवर ६० चा का होतो?

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवते तो आकडा. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १२० ला ८.३ मिलिसेकंदांनी, १८० ला ५.६ नी. ६० वरून १२० वर गेलात तर फरक कुणालाही दिसतो, माउसचा बाण हलवला तरी जाणवतो. १४४ वरून १८० वर गेलात तर तो शोधावा लागतो. जाहिरातींचा सगळा जोर मात्र या दुसऱ्या फरकावर असतो.

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड लवचीक असतं. मॉनिटर ७५ चा असो, १०० चा, १६५ चा, ते तसं जुळवून घेतं. कन्सोल तसं करत नाही. पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एस किंवा एक्स, ही यंत्रं ६० तरी देतात नाही तर १२० तरी. मधला आकडा नाही.

आता बाजार बघा. सात ते नऊ हजारांच्या पट्ट्यात सध्या सगळ्यात जास्त काय विकलं जातंय, तर १०० हर्ट्झचे आयपीएस मॉनिटर. ऑफिसच्या कामाला आणि अभ्यासाला ते छान आहेत. पण त्यांना पीएस ५ जोडलात, की यंत्र विचारतं, '१२० जमेल का?' मॉनिटर म्हणतो, 'नाही.' मग यंत्र सरळ ६० वर येतं. वरचे ४० हर्ट्झ तुम्ही कन्सोलसाठी घेतले असतील, तर ते वाया गेले. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरचंही तेच.

म्हणून कन्सोल आज घरात असो वा पुढच्या वर्षी येणार असो, दोनच पर्यायांत विचार करा. ६० पुरेसं असेल तर स्वस्तातला कुठलाही चांगला मॉनिटर घ्या आणि पैसे वाचवा. ६० पुरेसं नसेल तर किमान १२० घेणारा घ्या, म्हणजे बाजारात मिळणारा १४४, १६५ किंवा १८० चा. पीएस ४ तर कितीही केलं तरी ६० च्या वर जात नाही, आणि पीएस ५ वरही १२० चा पर्याय ठरावीक गेममध्येच असतो. रेसिंग आणि नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला त्याचा उपयोग. गोष्ट सांगणारे मोठे गेम खेळणाऱ्याला ६० वर काही कमी पडत नाही.

खरा प्रश्न एचडीएमआयच्या पोर्टचा

मॉनिटरच्या मागे साधारण दोन प्रकारचे पोर्ट असतात. डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय. खोक्यावरचे १८० हर्ट्झ बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्टचे असतात. त्याच मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट १४४ वर, काही वेळा त्याच्याही खाली अडतो. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट असतो, त्यामुळे त्याचं भागतं. कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नसतोच. त्याची सगळी भिस्त एचडीएमआयवर.

या पोर्टची एक क्षमता असते. पाण्याच्या पाइपासारखं समजा. एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, २.० मधून १८, आणि २.१ मधून जास्तीत जास्त ४८. फुल एचडी, म्हणजे १०८० पी चित्र १२० हर्ट्झला १.४ मधूनही जाऊ शकतं. १४४० पी, म्हणजे २५६० × १४४० चं चित्र १२० हर्ट्झला न्यायचं तर २.० लागतो. ४के चित्र २.० मधून ६० हर्ट्झपर्यंतच जातं. ४के आणि १२० दोन्ही हवं असेल तर २.१.

इथं एक मेख आहे. एचडीएमआयच्या मानकाचं नियमन करणाऱ्या मंडळींनी २.० चं वेगळं मानक बंद करून ते २.१ मध्येच सामावून घेतलं. २.१ मधल्या नव्या सोयी ऐच्छिक आहेत. त्यामुळे जुन्या २.० इतकीच क्षमता असलेल्या मॉनिटरवर 'एचडीएमआय २.१' लिहिणं नियमात बसतं. डिसेंबर २०२१ मध्ये टीएफटी सेंट्रल या मॉनिटर तपासणाऱ्या संकेतस्थळानं हे उजेडात आणलं, तेव्हा बराच गदारोळ झाला. लेबलं मात्र अजून तशीच आहेत. म्हणून '२.१' हा आकडा वाचून खूश होऊ नका.

मग वाचायचं काय? मॉनिटरचं मॅन्युअल. कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. त्यात शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो, कोणत्या पोर्टवर कोणतं रिझोल्यूशन किती हर्ट्झला चालतं याचा. एचडीएमआयच्या रकान्यात १९२० × १०८० समोर १२० दिसलं पाहिजे. १४४० पी चा मॉनिटर असेल तर २५६० × १४४० समोरही १२० दिसलं पाहिजे. १४४ आहे पण १२० नाही, असंही काही तक्त्यांत आढळतं, आणि मग कन्सोल ६० वर घसरू शकतं. हे पाच मिनिटांचं काम आहे. दुकानातला विक्रेता हे सांगेलच असं नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना फक्त कॉम्प्युटर जोडायचा असतो.

लॅपटॉपवाल्यांनी आपल्या लॅपटॉपचंही बघावं. काही जुन्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा असतो. मॉनिटर कितीही चांगला घेतलात तरी अडथळा लॅपटॉपमध्येच.

१०८० पी, १४४० पी की ४के?

रिझोल्यूशनचा निर्णय एकट्या मॉनिटरवर घेता येत नाही. कोणतं यंत्र जोडणार यावर तो ठरतो.

पीएस ४ हे १०८० पी चं यंत्र. त्याच्या प्रो आवृत्तीत ४के आहे, पण १४४० पी नाही. १४४० पी मॉनिटरला साधा पीएस ४ जोडलात तर मॉनिटर चित्र ताणून बसवतो आणि कडा किंचित भुरकट दिसतात. खेळता येतं, पण 'एवढे पैसे घालून हे?' असं वाटतं.

पीएस ५ ची कहाणी जरा वेगळी. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला आला, पण सुरुवातीला त्यातही १४४० पी नव्हतं. सप्टेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये सोनीनं ते दिलं. जुन्या फोरमवर किंवा व्हिडिओत 'पीएस ५ ला १४४० पी चालत नाही' असं दिसलं तर ते त्याआधीचं आहे, सोडून द्या. एक अट मात्र सोनीनं त्याच वेळी सांगितली होती. व्हीआरआर फक्त १०८० पी आणि ४के मध्ये चालेल. व्हीआरआर म्हणजे गेमचा वेग कमी-जास्त झाला की स्क्रीननंही आपला वेग तसा बदलणं, म्हणजे चित्र मध्येच फाटल्यासारखं दिसत नाही. पीएस ५ ला ते एचडीएमआय २.१ च्या पद्धतीचंच लागतं. मॉनिटरवर 'फ्रीसिंक' लिहिलेलं आहे म्हणून पीएस ५ वर व्हीआरआर चालेल, असं होत नाही.

एक्सबॉक्स या बाबतीत समजूतदार आहे. १४४० पी, १२० हर्ट्झ आणि फ्रीसिंक हे तिन्ही त्याला साध्या एचडीएमआय २.० वरही जमतं. सिरीज एस तर १४४० पी डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेलं आहे. मॉनिटरवर खेळायचंच म्हणून नवं कन्सोल घेणार असाल, तर ही बाजूही विचारात घ्या.

काही १४४० पी मॉनिटर एचडीएमआयवर ४के चित्र स्वीकारतात आणि स्वतः ते लहान करून दाखवतात. मॅन्युअलच्या त्याच तक्त्यात ३८४० × २१६० ची ओळ दिसली तर ती सोय आहे असं समजा. पीएस ४ प्रो असलेल्यांना याचा चांगला फायदा होतो.

आकाराचंही गणित आहे. टेबलावर आपण दोन-अडीच फुटांवर बसतो. २४ इंचांवर १०८० पी असेल तर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, अक्षरं नीट दिसतात. तेच १०८० पी २७ इंचांवर ताणलं तर ८२ ठिपके होतात. गेममध्ये चालून जातं, पण वर्डमध्ये देवनागरी टाइप करायला बसलात की वेलांट्या आणि रफार करवतीसारखे दिसतात. २७ इंचांवर १४४० पी असेल तर हाच आकडा १०९ च्या आसपास जातो. माझ्या मते '२७ इंची फुल एचडी' हा स्वस्त बाजारातला सगळ्यात फसवा माल आहे. मोठा दिसतो म्हणून विकला जातो.

४के मॉनिटर ६० हर्ट्झचा साधारण वीस-पंचवीस हजारांत मिळतो. पीएस ५ ला तो शोभून दिसतो. अडचण कॉम्प्युटरची आहे. ४के वर गेम चालवायचा म्हणजे १०८० पी च्या चौपट ठिपके रंगवायचे. मध्यम ग्राफिक्स कार्डाचा त्यात दम निघतो. आणि कार्ड बदलण्याचे हे दिवस नाहीत. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढली, की २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये आपला ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. कॉम्प्युटर आहे तोच दोन-तीन वर्षं चालवायचा असेल, तर त्याला न झेपणारी स्क्रीन गळ्यात घालू नका.

मग टीव्हीच घेतला तर?

हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा रास्त झालाय, कारण ती जीएसटी कपात इथं खरोखर मिळते. ४३ इंची टीव्ही कपातीआधी कर धरून ३०,००० रुपयांना असेल, तर मूळ किंमत तीच राहिल्यास नव्या दरानं तो साधारण २७,६५० ला पडतो. सुमारे २,३५० रुपये वाचले. मूळ किंमत तीच राहिली का, हे मात्र बिलात बघा.

कन्सोल एकटं असेल आणि पलंगावर बसून खेळायचं असेल तर ४के टीव्ही चांगला. आवाज येतो, रिमोट असतो, घरातले सगळे बघतात. पण याच पैशांत मिळणारे बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झचेच असतात, जाहिरातीत 'मोशन १२०' वगैरे काहीही लिहिलेलं असलं तरी. ते दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं तिसरं चित्र घालून हालचाल गुळगुळीत दाखवतात. सिनेमाला ठीक, गेममध्ये त्यानं बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. म्हणून 'गेम मोड' चालू करायचा, म्हणजे हे बंद होतं. आणि कॉम्प्युटरचं काम ४३ इंचांवर दोन फुटांवरून करणं म्हणजे पहिल्या रांगेत बसून नाटक बघण्यासारखं. मान दुखते.

बाकीचे शब्द

खोक्यावरचे इतर दावे लवकर उरकू. '१ मिलिसेकंद' हा आकडा बहुतेक वेळा अशा सेटिंगवर मोजलेला असतो, जी तुम्ही रोज वापरणार नाही. 'एचडीआर १० सपोर्ट' याचा स्वस्त मॉनिटरमध्ये अर्थ इतकाच, की तो सिग्नल नाकारत नाही. तेवढा उजेड आणि काळेपणा दाखवायची ताकद त्यात नसते. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. पॅनलमध्ये आयपीएस आणि व्हीए अशी निवड असते. व्हीएचा काळा रंग गडद, पण स्वस्त व्हीएमध्ये अंधारातली हालचाल शेपटी सोडत जाते. आयपीएसचं उलट. अभ्यास आणि खेळ दोन्ही असेल तर आयपीएस घ्या.

आवाजाकडे मात्र कुणी बघत नाही आणि घरी आल्यावर डोक्याला हात लावतात. कन्सोल आवाज एचडीएमआयमधून पाठवतं. मॉनिटरला स्पीकर नसेल तर किमान हेडफोनचं ३.५ मिमीचं भोक हवं, म्हणजे त्यात साधे स्पीकर लावता येतात. पीएस ५ ला आणि नव्या एक्सबॉक्सला ऑप्टिकल आउटपुट नाही, त्यामुळे तो मार्गही बंद. मॉनिटरलाही भोक नसेल तर कंट्रोलरला हेडफोन लावून एकट्यानंच खेळावं लागतं. एचडीएमआयचे पोर्ट दोन आहेत का हेही बघा. रोज केबल काढा-घाला करून पोर्ट सैल होतो.

खारं वारं, वीज आणि कोल्हापूरचं सर्व्हिस सेंटर

इथवरचं सगळं पुण्यातही लागू आहे. रत्नागिरीत तीन गोष्टी जास्तीच्या आहेत.

पहिली हवा. मांडवी, मिऱ्या, भाट्ये या पट्ट्यात समुद्राचं खारं वारं घरात येतं, आणि पावसाळ्यात चार महिने भिंतीसुद्धा ओल्या वाटतात. मॉनिटरचे पोर्ट आणि केबलची टोकं यात गंजतात. हिरवट-पांढरी भुकटी दिसली की समजा. स्क्रीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे हवा खेळू द्या. आणि पावसाळ्यात महिनाभर न वापरता झाकून ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवणं बरं, त्याच्या स्वतःच्या उबेनं ओल जाते.

दुसरी वीज. वळवाच्या दिवसांत कडाडायला लागलं की लाईट जाते, येते, पुन्हा जाते. मॉनिटर फारसा विजेचा खादाड नाही. २४ ते २७ इंचीला २० ते ४० वॅट लागतात. पीएस ५ ला मोठा गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास लागतात. साध्या ६०० व्हीए च्या यूपीएसवर दोन्ही मिळून काही मिनिटं निघतात. खेळत बसायला नाही, गेम सेव्ह करून यंत्र नीट बंद करायला. घरचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल तर कन्सोल त्यावर लावू नका. गडगडाट जवळ आला की प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. कोकणातल्या मोडेमसोबत किती मशीन जळतात हे कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. मॉनिटरवर तीन वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते, पण ती घरी येऊन दुरुस्त करायची आहे की आपण नेऊन द्यायची, हे बारीक अक्षरात असतं. नेऊन द्यायची असेल आणि त्या कंपनीचं केंद्र कोल्हापूरला असेल, तर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. दोन फेऱ्या झाल्या की ऑनलाइन वाचवलेले हजार रुपये संपले. म्हणून पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून आपला पिनकोड सांगा. शहरासाठी ४१५६१२. 'या पिनकोडला घरपोच सेवा आहे का?' हे विचारा आणि शक्यतो उत्तर ईमेलवर मागा.

मारुती मंदिर किंवा रामआळीतल्या दुकानात त्याच मॉनिटरला पाचशे-सातशे जास्त सांगितले, तर मी ते लगेच महाग म्हणणार नाही. अट एकच. दुकानदारानं तो तिथंच उघडून, लावून दाखवला पाहिजे. कन्सोल पिशवीत घालून न्या आणि सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ दिसतंय का बघा. कुठे ठिपका मेलाय का, हे पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या चित्रावर तपासा. दुकानात हे होत नसेल तर जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही, ऑनलाइनच घ्या.

मग त्या घरानं काय घ्यावं?

सध्याचे भाव ढोबळमानानं धरले, तर दहा हजारांच्या आसपास २४ इंची, १०८० पी, १६५ किंवा १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर मिळतो. पीएस ४ आणि साधं ग्राफिक्स कार्ड असलेल्या घराला तोच घ्या असं मी सांगेन. पीएस ५ आल्यावरही तो १०८० पी ला १२० हर्ट्झ देतो.

पंधरा ते वीस हजारांत २७ इंची, १४४० पी, १८० हर्ट्झचा येतो. कॉम्प्युटर बऱ्यापैकी असेल आणि पीएस ५ किंवा एक्सबॉक्स येणार हे नक्की असेल, तर हा. साळवी स्टॉपच्या आपल्या घरानं पीएस ५ चे पैसे खरंच बाजूला ठेवले असतील तरच इकडे वळावं. नुसतं घाटत असेल तर २४ इंची घेऊन उरलेले पैसे त्याच डब्यात टाकावेत. ४के आणि १२० दोन्ही देणारे मॉनिटर तीस हजारांच्या घरात जातात. ते या बजेटचं काम नाही.

ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. सुरुवात कुरिअरच्या लेबलपासून करा आणि स्क्रीन चालू होईपर्यंत थांबवू नका. बऱ्याच विक्रेत्यांकडे परत घेण्याची मुदत आठवडाभराची असते आणि पैसे परत देण्याऐवजी फक्त बदलून देतात. त्यामुळे 'परीक्षा झाल्यावर उघडू' असं करू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात ती सोडवायची असते.

नाहीच सुटली तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता बंगळुरूचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीतच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो. सोबत बिल, तो व्हिडिओ, आणि मॉनिटरच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा, ज्यात एचडीएमआयसमोर कोणता आकडा लिहिला होता ते दिसेल. हा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवायचा असतो, कारण पानावरचा मजकूर नंतर बदलू शकतो.